फाइल तुमच्याकडे आहेच : मराठी प्रकाशकांना खुलं पत्र

प्रति,
मराठी पुस्तकं छापणारे सर्व प्रकाशक,
पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि जिथे कुठे असाल तिथे

विषय : छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी पुस्तकाच्या मजकुराची फाइल मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मुद्द्यावर आधी येतो. तुम्ही छापलेल्या पुस्तकाचा टाइप झालेला, दोन-तीनदा मुद्रितं तपासून झालेला मजकूर तुमच्या किंवा तुमच्या डीटीपीवाल्याच्या संगणकात पडून आहे. तेच पुस्तक आम्ही इकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात स्कॅनरच्या काचेवर पालथं घालतो, पान न् पान स्कॅन करतो आणि यंत्राने चुकीची ओळखलेली अक्षरं एकेक करून दुरुस्त करत बसतो. गिरणीतून दळून आणलेलं पीठ घरात असताना शेजारणीला जात्यावर बसवण्यातला हा प्रकार आहे. ती फाइल आम्हाला द्या, एवढंच मागणं.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल. वाचनालय ‘ड’ वर्गाचं, म्हणजे १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्यांत सगळ्यात खालच्या पायरीवरचं. ग्रामपंचायतीमागची एक खोली, वर्तमानपत्रांचं टेबल, तीन कपाटं. ग्रंथपाल मीच आणि शिपाईही मीच. अनुदान केव्हा येतं ते विचारू नका, पत्र भलतीकडे जाईल. बँकेतून निवृत्त झालेल्या गावातल्याच एका गृहस्थांनी स्कॅनर घेऊन दिला आणि तेव्हापासून खोलीच्या एका कोपऱ्यात हे काम चालतं. हाताखाली कॉलेजची दोन-तीन पोरं-पोरी असतात. कापूस वेचणी सुरू झाली की तीही शेतात जातात. त्यामुळे अडीचशे पानांचं पुस्तक दिवाळीत हाती घेतलं तर होळीला हातावेगळं होतं.

कोणासाठी, हे सांगायला हवं, कारण ‘अंधांसाठी’ म्हटलं की ऐकणारा मान डोलावतो आणि विषय संपतो. आमच्या वाचकांत एक मुलगा आहे, जन्मापासून दृष्टी नसलेला. निवासी अंध शाळेत शिकला, अमरावती विद्यापीठातून बी. ए. झाला, आता स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. तो अंध, हे कोणालाही पटतं. पण आमचे दुसरे वाचक निवृत्त मास्तर आहेत, सगळं गाव त्यांना काकाजी म्हणतं. त्यांची नजर चांगली आहे. लकवा मारल्यापासून हातात पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही. आणि तिसरी आठवीतली मुलगी. हुशार आहे, पण छापलेल्या ओळीतली अक्षरं तिला जागेवर राहत नाहीत. शाळेने तिला बराच काळ ‘ढ’ ठरवून ठेवलं होतं. संगणक वाचत असताना पडद्यावर तो शब्द रंगत गेला की तीच मुलगी धडा सरसर पुरा करते. ‘सर, आयकू आलं का समजते मले,’ असं तिचं म्हणणं. जगात या तिघांना एकाच करारात बसवलेलं आहे, मराकेश करारात. दिसत नाही तो, अक्षर लागत नाही तो आणि पुस्तक धरता येत नाही तो, असे तिन्ही वाचक त्यात येतात.

आता स्कॅनकडे येऊ. आमच्या कामाबद्दल कळलं की लोक मोठ्या मनाने पीडीएफ पाठवतात. कुणी शंभर पुस्तकांचा गठ्ठाच ढकलतं. हेतू चांगला असतो, पण स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे पानांचे फोटो. आमच्या मुलाच्या संगणकावर एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं वाचक-सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केलेलं. ते पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं. फोटोत मजकूर नसतोच, त्यामुळे चारशे पानांच्या ग्रंथावर ते ‘पान रिकामं आहे’ अशा अर्थाचं इंग्रजीत काहीतरी पुटपुटतं आणि गप्प होतं. डोळस माणसाला तिथे ग्रंथ दिसत असतो.

फोटोतून अक्षरं ओळखून काढायला ओसीआर लागतं. टेसरॅक्ट नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, २००५ पासून सगळ्यांना खुलं आहे आणि मराठी ओळखतं. इतरही आहेत. नव्या, पांढऱ्या कागदावरच्या, ठसठशीत टाइपातल्या पुस्तकावर ती बरी चालतात. पण आमच्या कपाटातली पुस्तकं तशी नाहीत. वाचनालयाचं पुस्तक असल्याने बांधणी उसवता येत नाही, म्हणून शिवणीजवळची अक्षरं वाकतात आणि त्यांच्यावर सावली पडते. खिळ्यांवर छापलेल्या जुन्या पुस्तकांत शिरोरेषा जागोजागी तुटलेली असते. कागद पिवळा पडलेला आणि मागच्या पानाची शाई पुढे उमटलेली. यंत्र मग ‘ध’ला ‘घ’ समजतं, ‘भ’ला ‘म’, ‘ब’ला ‘व’, ‘ष’ला ‘प’. ‘ख’चं ‘रव’ होतं. अनुस्वार उडतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ‘भात’चं ‘मात’ झालं तर वाचणारा संदर्भाने सांभाळून घेतो. पण ऱ्याचं काय करायचं? ‘आचाऱ्यांना जेवण वाढायला सांगितलं’ यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र यंत्राला दिसला नाही की तिथे आचार्य येतात आणि पंक्तीत वाढप्याचं काम आचार्यांकडे जातं. पानागणिक ‘दुसऱ्या’, ‘शेतकऱ्याने’, ‘वाऱ्यावर’ येतात. यंत्राने ते ‘दुसर्या’, ‘शेतकर्याने’ असे लिहिले की यांत्रिक आवाज ते तसेच ठेच लागल्यासारखे म्हणतो.

अक्षरांपेक्षा आकडे वाईट. मराठी १ आणि ९, ५ आणि ४ यांत हे यंत्र हमखास घोटाळा करतं आणि आकड्याला संदर्भाचा आधार नसतो. कीड नियंत्रणाची एक पुस्तिका आम्ही करत होतो. ओसीआरने एका औषधाच्या प्रमाणात १ चा ९ केला होता. वाक्य अगदी शुद्ध, व्याकरण बिनचूक, आवाजालाही खटकलं नसतं. ज्या जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्या जिल्ह्यात बसून मी हे लिहितो आहे. त्या पुस्तिकेपासून आकड्यांचं पान आमच्याकडे दोघं मिळून तपासतात : एक जण छापील पुस्तक हातात घेऊन मोठ्याने वाचतो, दुसरा पडद्यावर बोट ठेवून बघतो.

अक्षरं नीट झाली की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं डोळस माणसाच्या ध्यानातच येत नाही, कारण पान वाचताना त्याचा डोळा हवं ते घेतो आणि नको ते गाळतो. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तुम्ही प्रकरणाचं नाव छापता, पायाशी आकडा. तो आकडा आणि ते नाव आपण वाचत नाही. आवाज वाचतो. वाक्य एका पानावरून दुसऱ्यावर गेलं की असं ऐकू येतं : ‘म्हातारीने कवाड लोटलं आणि एकशे बारा प्रकरण सातवे पहिला पाऊस बघते तर अंगणात कोणीच नाही.’ आमच्या मुलाने सुरुवातीच्या काळात असंच एक पुस्तक ऐकताना मला विचारलं होतं, ‘भाऊ, हे म्हातारी बोलून रायली का मशीन येडं झालं?’ ओळीच्या टोकाला जागा संपली म्हणून तोडलेला शब्द, दोन रकान्यांतलं पान सरळ आडवं वाचलं जाणं, तळटीप वाक्याच्या मधोमध येऊन आदळणं, हे सगळं त्याच जातीचं.

म्हणून आम्ही पानाच्या डोक्यावरची पट्टी काढून टाकतो. पण पानाचा आकडा ठेवतो, त्या पानाच्या सुरुवातीला, वेगळ्या ओळीत. नव्याने आलेली पोरं विचारतात की आकडा कशाला, ऐकणाऱ्याला पान कुठे असतं? असतं. वर्गात मास्तर म्हणतात, पान ६३ काढा. प्रबंधात संदर्भ द्यायचा तर पृष्ठक्रमांक लागतो. मुलाखतीला जाणाऱ्या उमेदवाराने ‘अमुक पुस्तकात कुठेतरी वाचलं’ म्हणून कसं चालेल? तळटिपा आम्ही परिच्छेदाच्या शेवटी नेतो आणि ‘टीप’ असं म्हणून सुरू करतो. गद्यातल्या ओळी जोडायच्या, कवितेतल्या तोडलेल्याच ठेवायच्या. हे सांगायला सोपं, पण ओसीआर दोन्हींत फरक करत नाही आणि अभंगाचा निबंध करून टाकतं.

शीर्षकांचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे तुमचे डीटीपीवालेही चुकतात. अक्षर मोठं केलं, ठळक केलं, मध्यभागी आणलं की तुमच्या मते शीर्षक झालं. डोळ्याला झालं. फाइलच्या लेखी तो मोठ्या अक्षरातला साधा परिच्छेदच राहतो. वर्डमध्ये त्याला ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ अशी शैली लावावी लागते. ती लावली की वाचणारा एच हे एकच बटण दाबत प्रकरणावरून प्रकरणावर जातो, २ दाबून पोटशीर्षकांवर. लावली नाही तर पाचव्या प्रकरणापर्यंत पोचायला पहिली चार ऐकावी लागतात किंवा अंदाजाने खालीवर करत बसावं लागतं. परीक्षेच्या आदल्या रात्री हे करून पाहा. तक्त्यांचंही तेच. मध्ये मोकळ्या जागा सोडून सरळ रेषेत आणलेले आकडे म्हणजे तक्ता नव्हे. खरा तक्ता केला असेल तर प्रत्येक रकान्यात गेल्यावर आवाज सांगतो की हा स्तंभ ‘पर्जन्यमान’ आणि ही ओळ ‘वाशिम’. चित्रं आणि नकाशे यांना यंत्राकडे उपाय नाही. ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असं पुस्तक म्हणतं तेव्हा आकृतीत काय आहे ते कुणीतरी चार ओळींत लिहावं लागतं. आमच्याकडे ते काकाजी सांगतात. जीभ थोडी अडखळते, पण चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस आहे. नकाशा सांगायला लागले की लिहून घेणारी मुलगी मध्येच हात दुखतो म्हणते.

जुन्या पुस्तकांबाबत एक वेगळंच भांडण होतं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले १९६२ साली. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांही’, ‘करितां’, ‘जेव्हां’ असे अनुस्वार भरलेले. शाळेत गुण कापले गेलेली आमची पोरं हे बघताच ‘चूक’ म्हणून खोडायला धावतात. मी खोडू देत नाही. लेखकाने आणि त्या काळच्या मुद्रकाने जे छापलं तेच अंध वाचकाच्या हाती पडलं पाहिजे. डोळस वाचकाला जुनं पुस्तक जुन्या रूपात मिळतं आणि यालाच आम्ही धुऊन-पुसून नवं का द्यावं? यांत्रिक आवाज हे अनुस्वार नाकात म्हणतो, ते कानाला विचित्र लागतं हे खरं. आमच्या मुलाचं मत मात्र माझ्या बाजूने पडलं, म्हणून तो नियम टिकला.

इथे आमच्या वऱ्हाडातल्या एका माणसाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. १८८१ चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेली, चौतिसाव्या वर्षी देह ठेवला. तेवढ्या आयुष्यात इतरांकडून ग्रंथ वाचून घेत, स्वतः सांगत, दुसऱ्याकडून लिहवून घेत त्यांनी शंभरावर लहान-मोठे ग्रंथ केले. त्यातल्या एकाचं स्कॅन मला मिळालं. उघडलं, वाचक-सॉफ्टवेअर लावलं. चिडीचूप! अंध माणसाने सांगितलेला ग्रंथ, अंध माणसाला बंद. आणि १९०० च्या सुमारास त्यांना जी सोय होती, म्हणजे कुणीतरी जवळ बसून वाचून दाखवणं, नेमकी तीच सोय आज आमच्या मुलाला आहे. वाचून दाखवणाऱ्याला वेळ असेल तेव्हा, तो म्हणेल तितकं आणि त्याला आवडेल ते.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आता ध्वनिपुस्तकं निघतात की. निघतात आणि कादंबरीसाठी ती फार छान. पण ध्वनिपुस्तकात शब्द शोधता येत नाही, ‘दीर्घ की ऱ्हस्व’ हे अक्षर-अक्षर करून बघता येत नाही आणि पान ६३ काढता येत नाही. मजकुराची फाइल असेल तर तिच्यातून आवाज काढता येतो, मोठ्या टाइपातली प्रत छापता येते, डेझी (अंध वाचकांसाठीच्या पुस्तकांची खास फाइल) किंवा ईपब (ई-बुकची फाइल) करता येतं, भारती ब्रेलमध्ये उतरवता येतं. उलटा प्रवास, आवाजातून शुद्ध मजकूर, तसा होत नाही.

काही जण म्हणतील, आता कृत्रिम बुद्धिमत्ता फोटो बघून सगळं वाचते. हेही अर्धं खरं आहे. आम्ही वापरून बघितली. जुन्या ओसीआरपेक्षा निकाल दिसायला खूपच देखणा. पण जुनं ओसीआर चुकलं की ‘घरतीघा’ असं काहीतरी बरळायचं, चूक लगेच हाताला लागायची. नवं यंत्र पुसट शब्दाच्या जागी शोभेल असा शब्द घालतं, कधी अख्खी ओळ बेमालूम बदलतं, आणि वाचताना कुठेच खटकत नाही. लेखकाने जे लिहिलंच नाही ते त्याच्या नावावर आमच्या मुलाच्या कानात जातं. त्यामुळे छापील पुस्तकाशी ओळ न् ओळ ताडून पाहायचं काम होतं तिथेच आहे, उलट जास्त डोळ्यात तेल घालून करावं लागतं.

आता कायद्याचं. हे वाचताना काहींच्या मनात ‘कॉपीराइट’ हा शब्द केव्हाचा फिरत असणार. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि कलम ५२(१)(झेड-बी) आलं. दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात कोणतीही कृती बदलून देणं म्हणजे कॉपीराइटचा भंग नव्हे, असं ते सांगतं. संस्थेने हे काम नफा न घेता करायचं, फार तर तयार करण्याचा खर्च घ्यायचा, प्रत दिव्यांग व्यक्तीच वापरतील हे बघायचं आणि ती बाजारात जाऊ नये याची काळजी घ्यायची. पुढे २७ जून २०१३ ला मराकेश करार झाला आणि जून २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश आपला भारत होता. ३० सप्टेंबर २०१६ पासून तो करार अमलातही आहे. म्हणजे परवानगी मागायला मी हे पत्र लिहीत नाही. परवानगी संसदेने देऊन ठेवली आहे. तुम्ही फाइल दिली नाही तरी तुमचं पुस्तक आम्ही करणारच, कायदेशीरपणे करणार. फक्त दिवाळी ते होळी लावून करणार आणि त्या वेळात आमच्या मुलाची परीक्षा होऊन गेलेली असणार.

चोरीची भीती मला समजते. पुस्तक आलं की महिन्याभरात टेलिग्रामवर त्याची पीडीएफ फिरते, पोटावर पाय येतो, लहान प्रकाशक त्याने खरोखर मोडतो. पण त्या पीडीएफ एकदा उघडून बघा. कुणीतरी मोबाइलने काढलेले पानांचे फोटो असतात, कोपऱ्यात अंगठा आलेला असतो. चोराला तुमच्या मजकुराच्या फाइलची गरज नाही, त्याचं फोटोवर भागतं. ज्याचं फोटोवर भागत नाही असा एकमेव वाचक आमच्या खोलीत बसलेला आहे आणि त्यालाच तुम्ही चोराच्या भीतीने बाहेर ठेवलं आहे. आमच्याकडे नोंदवही आहे. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र किंवा प्रमाणपत्र बघितल्याशिवाय फाइल देत नाही, फाइलच्या पहिल्या पानावर ती कोणासाठी केली ते लिहितो. यापेक्षा कडक काही हवं असेल तर सांगा, करू.

‘आमच्याकडे फाइल नाही,’ हे उत्तर मला फोनवर सगळ्यात जास्त वेळा मिळालं. खोटं नसतं ते. फाइल डीटीपीवाल्याकडे असते, त्याची हार्ड डिस्क उडालेली असते, किंवा तो दुकान बंद करून पुण्याला गेलेला असतो. स्वतःच्या पुस्तकाचा मजकूर स्वतःकडे नसणं हे धंद्याच्या दृष्टीनेही बरं नाही, दुसरी आवृत्ती काढताना तुम्हालाच पुन्हा टाइप करावं लागतं. पण ते तुमचं तुम्ही बघा. आमच्यासाठी एवढं लक्षात ठेवा की लेखकाने पाठवलेली मूळ वर्ड फाइल पुरत नाही. शेवटच्या मुद्रितातल्या दुरुस्त्या डीटीपीवाला थेट मांडणीच्या फाइलमध्ये करतो, त्या वर्डमध्ये परत येत नाहीत. आणि प्रेसला पाठवताना अक्षरं कर्व्ह करून जी पीडीएफ करता, ती आमच्या कामाची नाही. कर्व्ह केलं की अक्षराचं चित्र होतं आणि आम्ही पुन्हा स्कॅनपाशीच येतो. कर्व्ह करण्याच्या आधीची हवी.

फॉन्ट जुना असला तरी द्या. श्रीलिपीत, आयएसएममध्ये, पेजमेकरमध्ये केलेली पुस्तकं तुमच्याकडे ढिगाने असणार. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागा अडवून बसलेली असतात, म्हणून आवाजाला तिथे डॉलर, टक्के, कंस आणि इंग्रजी मुळाक्षरं यांची माळ दिसते. पण त्यातून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणून कळणाऱ्या अक्षरांत, नेणारे परिवर्तक मिळतात. रफार आणि काही जोडाक्षरं बिघडतात, ती ठरावीक असतात, एकदा यादी केली की शोधून बदलता येतात. ओसीआरच्या चुका अशा शिस्तीत येत नाहीत. अडीचशे पानांचं पुस्तक परिवर्तकातून काढलं तर आठवड्यात तयार होतं.

आणि जे आता ई-बुक काढत आहेत त्यांना हात जोडून : कृपा करून पानांची चित्रं भरून त्याला ई-बुक म्हणू नका. ईपब करताना मजकूर मजकूरच ठेवा, शीर्षकांना शीर्षकाची शैली लावा, आणि वाचक-सॉफ्टवेअरला आत येऊ न देणारं कुलूप ज्या ॲपवर असेल त्या ॲपवाल्याला तुम्हीच जाब विचारा. आमचं तो ऐकत नाही. हे जमलं तर आमच्याकडे यायचीही गरज नाही. आमचा मुलगा पुस्तक विकत घेईल. त्याला पैसे देऊन पुस्तक घ्यायचं आहे, ही गोष्ट तुम्हाला कधी कुणी सांगितली नसेल म्हणून सांगतो.

ग्रंथालय संचालनालयाला आणि रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाला या पत्राची प्रत पाठवतो आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, जुन्या ग्रंथांच्या डिजिटायझेशनची भाषा तेव्हापासून सगळीकडे ऐकू येते. ज्यांचे प्रकाशक उरले नाहीत, ज्यांची फाइल कधी नव्हतीच, ते ग्रंथ या दोन संस्थांच्या वाट्याचे. त्यांना माझं म्हणणं एवढंच की दहा हजार ग्रंथ स्कॅन केल्याची बातमी देण्यापेक्षा दोनशे ग्रंथ अक्षरशः तपासून, शीर्षकं लावून, पानांचे आकडे ठेवून करा. आणि केलेलं सुगम्य पुस्तकालयात टाका. ऑगस्ट २०१६ पासून केंद्र सरकारच्या दिव्यांगजन विभागाचं, डेझी फोरम ऑफ इंडियाचं आणि टीसीएसचं हे ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे, ते याच कामासाठी. तिथे एकदा गेलेलं पुस्तक दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणाला पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. मी इथे जे पुस्तक चार महिने घासतो आहे, तेच कदाचित गोंदियात किंवा साताऱ्यात कुणी घासत असेल आणि आम्हा दोघांना एकमेकांचा पत्ता नसेल.

तुमच्याकडून पुढचं असं. यंदाच्या जिल्हा ग्रंथोत्सवात तुमच्यापैकी बरेच जण यवतमाळला स्टॉल लावतील. आमच्यातले दोघं-तिघं प्रत्येक स्टॉलवर येतील, त्यात तो मुलगाही असेल. त्याच्या हातात यादी असेल : सगळ्यात वर त्याच्या परीक्षेची इतिहास आणि अर्थशास्त्राची पुस्तकं, मग आठवीतल्या मुलीला हव्या असलेल्या विज्ञानाच्या गोष्टी, शेवटी काकाजींनी सांगितलेली दोन नाटकं. तुमचं पुस्तक यादीत असेल तर कर्व्ह न केलेली फाइल तयार ठेवा. फॉन्ट कोणता ते एका चिठ्ठीवर लिहून द्या, त्याने आमचे दोन दिवस वाचतात. पेन ड्राइव्ह आम्ही आणतो, चहाचं तुमच्याकडे.

आपला,
एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल
ता. दारव्हा, जि. यवतमाळ